तीव्र टूरेट सिंड्रोम: औषधे व वर्तनोपचार की डीबीएस शस्त्रक्रिया?

टूरेट सिंड्रोम या मेंदूच्या विकारात टिक्स, म्हणजे अचानक व वारंवार होणाऱ्या अनावर हालचाली किंवा आवाज, छळतात. त्यासाठी डीप ब्रेन स्टिम्युलेशन (डीबीएस), म्हणजे मेंदूत बसवलेल्या यंत्राद्वारे विद्युतप्रवाह देणारी शस्त्रक्रिया, करून घ्यावी का, हा प्रश्न ज्या प्रौढ रुग्णापुढे आहे, त्याने आधी एक गोष्ट तपासावी: वर्तनोपचार प्रशिक्षित व्यक्तीकडून खरोखर पूर्ण झाला आहे का? टिक येण्यापूर्वीची अनावर ओढ ओळखून तिच्या जागी विरोधी हालचाल करण्याची ही पद्धत २०१० साली अमेरिकेत १२६ मुलांवर तपासली गेली, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली. केवळ माहिती व आधार मिळालेल्या मुलांत हे प्रमाण सुमारे १९ टक्के होते. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, अॅरिपिप्राझोल या औषधांनीही टिक्स कमी होतात. गुंगी, वाढते वजन हे त्यांचे तोटे खरेच. पण डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध बदलता किंवा हळूहळू बंद करता येते.

डीबीएसमध्ये थॅलॅमस किंवा ग्लोबस पॅलिडस या मेंदूच्या खोलवरच्या भागांत इलेक्ट्रोड बसवून ते छातीच्या त्वचेखालील बॅटरीला जोडतात. टूरेटसाठी हा उपाय प्रथम नेदरलँड्समध्ये झाला आणि १९९९ साली प्रसिद्ध झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा देशांतील १८५ रुग्णांच्या नोंदींत वर्षभरानंतर टिक्सची तीव्रता सरासरी ४५ टक्क्यांनी घटलेली आढळली. हा आकडा मोहात पाडणारा आहे, परंतु तेथे यंत्र चालू असल्याचे रुग्णालाही ठाऊक होते. ते ठाऊक नसताना झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष बरेच थंड आहेत: २०१५ च्या लंडनमधील चाचणीत सुमारे १५ टक्के सुधारणा, तर २०१७ च्या फ्रेंच चाचणीत लक्षणीय फरक नाहीच. योग्य प्रोग्रॅमिंग, म्हणजे यंत्रातील विद्युतप्रवाहाची रुग्णानुसार जुळणी, साधायला अनेक महिने लागू शकतात आणि या चाचण्यांतील तुलनेचा काळ तीनच महिन्यांचा होता, हेही लक्षात घ्यावे. तरी माझ्या मते ४५ टक्क्यांवर भिस्त ठेवून शस्त्रक्रियेला होकार देऊ नये.

१८५ रुग्णांच्या त्याच नोंदींत मेंदूतील रक्तस्राव १.३ टक्के, तर जंतुसंसर्ग ३.२ टक्के रुग्णांत झाला. बोलण्यातील अडखळणे व मुंग्या अधिक आढळल्या. विद्युतप्रवाह बदलून त्या अनेकदा आटोक्यात येतात.

किशोरवय ओलांडल्यावर अनेकांच्या टिक्स आपोआप कमी होतात, म्हणून मुलांच्या बाबतीत घाई नको. याउलट, मानेच्या जोरदार झटक्यांमुळे मज्जारज्जूलाच इजा होऊ लागली असेल, तर शस्त्रक्रियेचे पारडे जड होते. रुग्णाला टिक्सपेक्षा मंत्रचळ (ओसीडी, म्हणजे तेच विचार व कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार) अधिक छळत असेल, तर आधी त्यावर उपचार व्हावेत. आणि होकार देण्यापूर्वी विचारावे, की प्रोग्रॅमिंग कोण करणार, त्यासाठी किती वेळा यावे लागेल आणि बॅटरी बदलण्याचा खर्च कोणाच्या माथी पडेल.