आतड्याच्या जुन्या सुजेवर इसबगोल आणि हळद : आठ महिन्यांच्या वापरानंतर

हा वापर अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येणारं जुनं दुखणं) आटोक्यात असतानाचा, मेसालामाइनच्या (सूज आवरणाऱ्या) गोळ्या चालू ठेवून केलेला. गोळ्या सोडून हे प्रयोग करू नका.

खरा फरक इसबगोलानं पडला. शौच बांधून येऊ लागलं, पहाटेची धावपळ थांबली. सुरुवात रात्री एका सपाट चमच्यानं (साधारण ३ ते ४ ग्रॅम), मोठा ग्लासभर पाण्यात. मग चार-पाच दिवसांनी एकेक चमचा वाढवत दिवसाला तीन. पहिल्याच दिवशी तीन घेतले तर पोट गॅसनं ढोलासारखं फुगतं आणि लोक डबाच बाजूला ठेवतात. ढवळलं की लगेच प्यायचं. राहिलं तर चिकट गोळा होतो, घशात अडकतो. उन्हाळ्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा ४५ गाठतो, वावरात पाणी कमी पडतं, तेव्हा हेच इसबगोल उलटतं आणि मळ खड्यासारखा होतो. बाकी गोळ्या दोन तास आगेमागे. क्रोन्समध्ये (आतड्याच्या सुजेचा दुसरा प्रकार) आतडं अरुंद झालं असेल तर इसबगोल नकोच, तिथे ते फुगून वाट बंद करतं.

हळदीचं मात्र चिमटीनं भागत नाही. २००६ सालच्या जपानी चाचणीत नेहमीच्या औषधासोबत १ ग्रॅम कर्क्युमिन (हळदीतला पिवळा, गुणकारी घटक) दिवसातून दोनदा, सहा महिने दिलं होतं; दुखणं उलटण्याचं प्रमाण कमी झालं. साध्या हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के. आपल्या वायगावच्या हळदीत ६ धरलं तरी रोज तीस ग्रॅमच्या वर हळद लागेल! म्हणून कर्क्युमिनची कॅप्सूल, तीही जेवणासोबत. मिऱ्याचा अर्क घातलेल्या टाळा. त्यानं शोषण वाढतं आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जुलाबावर घेतात ती कुड्याची साल आठवडी बाजारात मिळते, पण पांढऱ्या कुड्यात काळ्याची भेसळ असते. शिवाय रक्त पडत असताना नुसते जुलाब अडवणं घातक. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचं शौच आणि सोबत ताप असेल तर थेट दवाखाना.

बिनलेबलच्या पुडीनं तीन दिवसांत आराम पडला, भूक वाढली, चेहरा सुजला, तर आत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. क्षयरोग दडलेला असेल तर तो त्यानं उसळतो. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका. उरलेली घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा.