लांबच्या बाईक राइडवर रात्रीचा मुक्काम: हायवेचा लॉज, भक्तनिवास की घरगुती होमस्टे?

कारने फिरणारी माणसं हॉटेल शोधताना आधी खोली बघतात. बाईकवर निघालेल्यांनी खोली सगळ्यात शेवटी बघावी, असं माझं ठाम मत आहे. गाडी रात्रभर कुठे उभी राहणार? भिजलेलं जॅकेट आणि हातमोजे कुठे वाळणार? पहाटे साडेपाचला गेट उघडून मिळेल का? आणि एकदा पोचल्यावर जेवायला परत गाडी काढावी लागेल का? या चारही प्रश्नांना बरी उत्तरं मिळाली, तर गादी जरा कडक असली तरी चालतं. दिवसभर साडेतीनशे-चारशे किलोमीटर गाडी चालवल्यावर झोप कुठेही लागते. दुसऱ्या दिवशी मनासारखं निघता येणं जास्त महत्त्वाचं.

कोणता पर्याय चांगला हे रस्त्यावर ठरतं, म्हणून मी इथे मुख्यतः दोन रस्ते समोर ठेवले आहेत: पुणे–नागपूर आणि कोकणचा किनारा. शेवटी थोडं लेहबद्दल, कारण तिथला हिशोबच निराळा आहे.

हायवेचा लॉज

आधी बुकिंग न करता, वेळेचं बंधन न पाळता, दमलो की थांबलो, ही सोय फक्त लॉजच देतो. राष्ट्रीय महामार्ग 48 ने बंगळूरुकडे निघालात तर कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी अशा प्रत्येक मोठ्या गावाच्या बायपासला रांगेने लॉज आहेत. हजार-दीड हजारात साधी खोली मिळते. एकटा माणूस, चारजणांचा ग्रुप, रात्री नऊला पोचलेले, कोणालाही ते नाही म्हणत नाहीत.

पण लॉज आणि लॉज यात फार फरक असतो, आणि तो आधार कार्ड काउंटरवर ठेवायच्या आधीच ओळखावा लागतो. आधी इमारत बघा. तळमजल्यावर परमिट रूम असेल तर वरच्या मजल्यावर अकरापर्यंत झोप विसरा. मी एकटी असले तर अशा ठिकाणी थांबतच नाही, पुढचं गाव गाठते. मग खोली मागताना मागच्या बाजूची मागा. रस्त्याकडच्या खोलीत ट्रकचे एअर हॉर्न रात्रभर उशाशी वाजतात.

मग गाडीचा विषय काढा. मॅनेजर हमखास म्हणतो, "इथेच लावा समोर, काही होत नाही." त्यावर त्याला विचारा, शटर किती वाजता ओढता? बहुतेक छोट्या लॉजमध्ये रात्री शटर खाली येतं आणि कामाचा पोरगा आतच पथारी टाकतो. गाडी पायरीवरून चढवून शटरच्या आत, पॅसेजमध्ये लावू द्याल का, असं नीट विचारलं तर दहापैकी आठजण हो म्हणतात. गाडी आत गेली की सॅडल बॅगा सोडून तिसऱ्या मजल्यावर न्यायचा त्रासही वाचतो. पहाटे निघायचं असेल तर ते त्या पोरालाच रात्री सांगून ठेवा, कारण शटर तोच उघडणार आहे. गरम पाण्याचंही तेव्हाच विचारा. "सकाळी 6 ते 9" असा बोर्ड लावलेला असेल तर साडेपाचला निघणाऱ्याने रात्रीच अंघोळ उरकलेली बरी.

लॉज शहरात घ्यायचा की बाहेर? बाहेरच. शहर ओलांडून पलीकडच्या टोकाला असेल तर उत्तम, कारण सकाळच्या रहदारीत शहरातून बाहेर पडताना जो वेळ जातो तो दिवसभर भरून निघत नाही. एसटी स्टँडसमोरचे लॉज स्वस्त असतात, पण पहाटेपासून कंडक्टरच्या शिट्ट्या ऐकायची तयारी ठेवा.

भक्तनिवास

पुणे–नागपूर हा रस्ता घ्या. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे आपल्याला अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, चिखली, खामगाव, अकोला असा जुना रस्ताच धरावा लागतो. साधारण सव्वासातशे किलोमीटर. एका दिवसात होतं म्हणणारे भेटतात, पण दोन दिवसांत केलेलं शहाणपणाचं. मग मधला मुक्काम कुठे? चिखली किंवा खामगावला लॉज मिळेल, अकोल्यात हॉटेलं मिळतील. माझी पसंती मात्र शेगाव. खामगावहून सतरा-अठरा किलोमीटर आत जावं लागतं, पण पुण्याहून साडेचारशेच्या आसपास पहिला दिवस आणि नागपूरला तीनशेच्या आसपास दुसरा, अशी वाटणी छान बसते.

गजानन महाराज संस्थानची स्वच्छता आणि शिस्त हा विदर्भातल्या लोकांच्या अभिमानाचा विषय आहे आणि तो अभिमान रास्त आहे. पांढऱ्या कपड्यातले सेवेकरी चप्पल-स्टँडपासून महाप्रसादापर्यंत कुठेही "माउली" म्हणूनच बोलतात. धुळीने माखलेले बूट आणि गुडघ्याची पॅड घालून रांगेत उभं राहिलं तरी कोणी वळून बघत नाही. खोल्या साध्या, चादरी धुतलेल्या, भाडं लॉजपेक्षा बरंच कमी. जेवणासाठी गाडी काढायची गरज नाही. एकट्या बाईला रात्री निर्धास्त झोप लागेल अशा जागा या रस्त्यावर मोजक्याच आहेत, त्यातली ही एक.

अडचणी तीन. पहिली, खोली मिळेलच याची खात्री नाही. गुरुवार, सुट्ट्यांना जोडून आलेला शनिवार-रविवार, माघातला प्रकटदिन, भाद्रपदातली ऋषिपंचमी या दिवशी तर आशाच करू नका. दुसरी, अनेक देवस्थानांच्या भक्तनिवासांत आणि धर्मशाळांत एकट्या व्यक्तीला स्वतंत्र खोली देत नाहीत. हॉलमध्ये गादी मिळते, सामान लॉकरमध्ये. सोलो राइडवर असाल तर हे धरूनच चला. तिसरी, पार्किंग भरपूर असलं तरी खोलीपासून लांब असू शकतं, म्हणजे सगळ्या बॅगा सोडून चालत न्याव्या लागतात. डिस्क लॉक आणि साधं कव्हर सोबत असू द्या. झाकलेल्या गाडीशी कोणी चाळा करत नाही, हा सगळ्या मुक्कामांना लागू पडणारा अनुभव आहे.

शिर्डीला साई संस्थानची साई आश्रम आणि द्वारावती ही निवासस्थानं आहेत, अक्कलकोटला अन्नछत्र मंडळाचं यात्रीनिवास आहे. सोलापूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्यांना अक्कलकोट थोडं आडवाटेला पडतं, पण जमवता येतं. बुकिंग करायचंच असेल तर संस्थानच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा कार्यालयात फोन करूनच करा. भक्तनिवासाच्या नावाने पैसे उकळणाऱ्या बनावट साइट गूगलवर वरच दिसतात.

याच जातकुळीतला आणखी एक पर्याय म्हणजे गुरुद्वारा. नांदेडला हुजूर साहिब, पुढे बिदरला नानक झिरा साहिब, दोन्हीकडे यात्रेकरूंच्या राहण्याची सोय आहे आणि लंगर सगळ्यांसाठी. डोकं झाकायचं, तंबाखू-सिगारेट आवारात न्यायची नाही. फुकटात राहायची जागा म्हणून मात्र या स्थळांकडे बघू नये. दर्शन घ्या, जमेल ती सेवा करा, जाताना पेटीत काही टाका.

कोकणातली घरं

किनाऱ्याने जाताना लॉजचा विचार मी करत नाही. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी रस्त्याला लागून जवळजवळ प्रत्येक गावात घरगुती राहण्याची सोय आहे: दिवेआगर, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, मालवण, वेंगुर्ला. आपल्या चार प्रश्नांवर लॉजपेक्षा ही घरं सरस ठरतात. गाडी थेट अंगणात, खिडकीतून दिसेल अशी. पावसाळ्यात भिजलेलं सगळं पडवीतल्या दांडीवर टाकता येतं, आणि घरातली काकू "ते बूट उलटे ठेव गं, आत पाणी राहतं" म्हणून स्वतःच ते चुलीजवळ सरकवते. लॉजच्या बंद खोलीत, पंख्याखाली, रायडिंग जॅकेट सकाळपर्यंत वाळत नाही. आणि ओलं जॅकेट घालून निघालेला दिवस पहिल्या तासातच नकोसा होतो.

जेवण हा दुसरा मुद्दा, पण इथे एक रीत पाळावी लागते. जेवण आधी सांगायचं. दुपारी फोन करून शाकाहारी की मासे, किती माणसं, किती वाजता, एवढं कळवलं तर गरम भात आणि सोलकढी तयार असते. न सांगता रात्री आठला गेलात तर अख्ख्या गावात काही उघडं सापडणार नाही. भाडं हंगामाप्रमाणे बदलतं. डिसेंबरचा शेवट आणि मे महिना टाळलात तर लॉजच्याच आसपास पडतं.

घरगुती मुक्कामाचा तोटा वेळेत आहे. ही घरं मुख्य रस्त्यापासून आत असतात, शेवटचा तुकडा जांभ्या दगडाचा, उताराचा, आणि पावसात शेवाळलेला. सामान लादलेली गाडी अंधारात तिथून उतरवणं धोक्याचं आहे. म्हणून उजेडात पोचायचं. त्यात मधे खाड्या. आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या फेरीबोटींवर बाईक सहज चढते आणि मोठा वळसा वाचतो. पण शेवटची बोट सुटली की तोच वळसा रात्रीच्या घाटातून घालावा लागतो. माझा नियम असा: संध्याकाळी खाडी समोर आली तर बोट मिळाली तरच पलीकडे मुक्काम, नाहीतर आहे त्या गावात घर शोधायचं. पलीकडचं बुकिंग वाया जाऊ द्या, फक्त त्यांना फोन करून कळवा. ते तुमच्यासाठी जेवण करून बसलेले असतात.

एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, गणपतीपुळे आणि तारकर्लीची निवासं समुद्राला लागून आहेत, पार्किंग आवारात, पावती रीतसर. कुटुंब नंतर कारने येऊन भेटणार असेल तर हे सोयीचं. फक्त राइडवर असाल तर घरच बरं. आणि कुठेही राहिलात तरी किनाऱ्यावर रोज रात्री चेन पुसून ल्यूब (वंगण) मारा, खारी हवा लगेच गंज चढवते. गाडी थांबवल्याबरोबर, चेन कोमट असताना मारलेलं ल्यूब आतपर्यंत जातं.

बाकीचं थोडक्यात

ढाब्यावरची बाज दुपारच्या झोपेसाठी उत्तम. जेवणानंतर दोन ते चार या वेळात डोळे जड होतातच, तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं पाठ टेकावी. रात्रीसाठी नको: डास, ट्रकची ये-जा, सामानाची काळजी. सार्वजनिक बांधकाम खात्याची विश्रामगृहं सुंदर जागी असतात, पण सरकारी दौरा आला की खोली त्यांची, त्यामुळे भरवसा धरता येत नाही. रेल्वेच्या विश्रांती खोल्या तिकीट असलेल्यांसाठी आहेत. गोवा, गोकर्ण, हंपीकडे हॉस्टेलच्या डॉर्मिटरी चांगल्या आहेत, सोलो माणसाला स्वस्त पडतात, फक्त पहाटे पाचला बॅगा आवळताना इतरांची झोप मोडते याचं भान ठेवावं. तंबू मी कोरड्या ऋतूत, ओळखीच्या शेतात, मालकाला विचारूनच लावते. पावसाळ्यात सापविंचवाच्या मुलखात जमिनीवर झोपण्यात शहाणपण नाही.

लेहला निघाला असाल तर

मनालीच्या पुढे चारही प्रश्न मागे पडतात आणि एकच उरतो, किती उंचीवर झोपायचं. मनाली दोन हजार मीटरच्या थोडी वर. केलाँग सुमारे 3,080 मीटर, जिस्पा सुमारे 3,200, सर्चू सुमारे 4,290, पांग सुमारे 4,600. लेह 3,500 मीटरवर. ऑक्टोबर 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगचा चढ वाचला. त्यामुळे मनालीहून पहिल्याच दिवशी सर्चूचे तंबू गाठणं सहज शक्य झालंय, आणि हाच मोह घातक आहे. एका दिवसात झोपण्याची उंची दोन हजार मीटरने वाढवली की रात्री डोकं फुटायला लागतं, उलट्या होतात, झोप येत नाही. अशा वेळी खाली उतरायचं म्हटलं तर मधे बारालाचा खिंड, तीही रात्रीची.

सपाटीवरून येणाऱ्या आपल्यासारख्यांनी पहिली रात्र केलाँग किंवा जिस्पाला काढावी, शक्य तर दोन रात्री. टांडीला टाकी भरून घ्या. मग पहाटे निघून सर्चू, पांग ओलांडत थेट लेह गाठायचं. दिवस लांबलचक होतो, सव्वातीनशे किलोमीटरच्या वर, पण रात्री झोपताना तुम्ही सर्चूपेक्षा जवळजवळ आठशे मीटर खाली असता. वाटेत त्रास वाढला तर पुढे रेटायचं नाही. सर्चूच्या अलीकडे असाल तर जिस्पाला परत या.

सुट्टी कमी पडत नसेल तर त्याहून चांगली वाट श्रीनगरची. श्रीनगर सुमारे 1,600 मीटर, मुक्काम कारगिलला सुमारे 2,700 मीटरवर, दुसऱ्या दिवशी ‘फोतू ला’ ही खिंड चढून उतरायची आणि लेह. शरीराला पायरीपायरीने चढता येतं. कारगिलला साधी हॉटेलं भरपूर आहेत, गाडी आवारात लावता येते. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी न विचारता हीच वाट सांगते, आणि मनालीचा रस्ता परतीसाठी ठेवायला लावते. तेव्हा शरीर उंचीला सरावलेलं असतं. मग सर्चूच्या तंबूत राहिलात तरी फारसं बिघडत नाही. फक्त थंडी कडाक्याची असते, म्हणून तंबू ठरवताना रजया किती देणार ते आधी विचारून घ्या.