वर्कस्टेशन, क्लस्टर की क्लाउड? आणि आधी शिकायचं काय?

प्रथिनांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत निधी आला की पहिली चर्चा जीपीयू (जड गणितं वेगाने करणारं ग्राफिक्स कार्ड) कोणता घ्यायचा याची. त्याआधी काम कसलं आहे आणि ते चालवणार कोण, हे ठरवायला हवं.

एखाद्या प्रथिनाच्या रचनेचा अंदाज हवा असेल तर काहीच विकत घेऊ नका. असा अंदाज बांधणारं अल्फाफोल्ड २ पूर्णपणे आपल्या यंत्रावर बसवलं तर त्याचे डेटाबेस उलगडल्यावर अडीच टेराबाइटहून जास्त जागा घेतात. त्याचंच सोपं रूप असलेलं कोलॅबफोल्ड डेटाबेसमधला शोध बाहेरच्या सर्व्हरवर करून घेतं. ब्राउझरमध्ये अनुक्रम चिकटवला की काम सुरू. मात्र फुकटचा जीपीयू दर वेळी मिळेलच असं नाही, आणि सत्र मध्येच तुटू शकतं. अनुक्रम अप्रकाशित असेल तर तो बाहेर पाठवण्याआधी मार्गदर्शकांना जरूर विचारा.

मॉलिक्युलर डायनॅमिक्सचं, म्हणजे अणूंची हालचाल संगणकावर टप्प्याटप्प्याने चालवून पाहण्याचं, गणित निराळं. २ फेम्टोसेकंदांच्या टप्प्याने १०० नॅनोसेकंद गाठायचे म्हणजे ५ कोटी टप्पे. त्यात एका रनवर भरवसा ठेवता येत नाही. तेच रन पुन्हा पुन्हा लावायचे, शिवाय म्यूटंट (बदल केलेलं प्रथिन), शिवाय लिगँड (प्रथिनाला चिकटणारा छोटा रेणू) नसलेलं रूप. वर्कस्टेशनवर, म्हणजे आपल्या एका ताकदवान संगणकावर, हे एकामागून एक चालणार; क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या अनेक संगणकांच्या सामाईक संचावर, एकाच वेळी. म्हणून इथे माझं मत ठामपणे क्लस्टरला. तिथे रांग असते, वेळमर्यादा असते, हे खरं. पण हे रन चालवणारं ग्रोमॅक्स सॉफ्टवेअर एरवी दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट फाइल लिहीत असतं. जॉब मध्येच बंद पडला तरी तिथून पुढे सुरू करता येतो. हे कुणी सांगितलेलं नसलं की विद्यार्थी सगळं पहिल्यापासून लावतो, आणि दोष क्लस्टरला जातो.

वर्कस्टेशन तरीही हवंच: छोट्या चाचण्यांसाठी, विश्लेषणासाठी, कायमेराएक्समध्ये रचना फिरवून पाहण्यासाठी. त्यासाठी सर्वांत महागडं कार्ड लागत नाही. भाड्याचा क्लाउड मी फक्त अडीअडचणीला घेईन. मशीन चालू राहिलं की बिल वाढत राहतं, आणि डेटा खाली उतरवून घ्यायलाही बहुधा पैसे पडतात.

प्रशिक्षणात खरी निवड आहे ती एका सॉफ्टवेअरची कार्यशाळा आणि संगणनाचा पाया यांच्यात. कार्यशाळेत पाण्यातलं लायसोझाइम हे सरावाचं प्रथिन छान चालतं, कारण फाइली आधीच साफ केलेल्या असतात. घरी येऊन आपलं प्रथिन लिगँडसकट दिलं की ग्रोमॅक्स पहिल्याच पायरीला थांबतं: हा अवशेष (रेणूचा घटक) टोपॉलॉजी डेटाबेसमध्ये, म्हणजे त्याच्या ओळखीच्या घटकांच्या यादीत, नाही. लिगँडचे पॅरामीटर वेगळे तयार करावे लागतात, हे तेव्हा कळतं. उलट सॉफ्टवेअर कार्पेंट्री हा उपक्रम संशोधकांना १९९८पासून शेल (आज्ञा टाइप करून संगणक चालवणं), गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणं), पायथन अशा गोष्टी शिकवत आला आहे. त्यात जैवरसायन नाही, म्हणून पुष्कळजण टाळतात. पण शेल येत असेल तर लॉग वाचता येतो, दहा म्यूटंटांचे जॉब एका लूपमध्ये लावता येतात. आधी हे, मग कार्यशाळा.

वर्षातून एखाद्या वेळीच आरएनए-सीक्वेन्सिंगचा डेटा हाताळणाऱ्याला एवढं करायची गरज नाही. अशा विश्लेषणासाठीचं गॅलॅक्सी ब्राउझरमध्ये चालतं, त्याचे धडे मोफत आहेत, तेवढं पुरतं.

निधी बेताचाच असेल तर: मध्यम वर्कस्टेशन, क्लस्टरवर खातं, आणि उरलेले पैसे ट्रॅजेक्टरी (रनमधल्या हालचालीची नोंद) साठवायच्या डिस्कसाठी, तेही दोन प्रतींच्या हिशेबाने.