क्वाटर्नियन: आठ महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

माझा उद्योग साधाच, टेबलावर हातात सेन्सर फिरवला की स्क्रीनवरचा डबा तस्साच फिरला पाहिजे. आधी ऑयलर अँगल वापरत होतो, म्हणजे फिरणं तीन कोनांत मांडायचं: पिच (पुढेमागे झुकणं), रोल (बाजूला कलणं) आणि यॉ (डावीउजवीकडे वळणं). पिच ९० अंशाजवळ गेला की रोल आणि यॉ एकमेकांत अडकायचे आणि डबा येड्यासारखा गरकन फिरायचा. याला गिंबल लॉक म्हणतात हे कळेपर्यंत मी पंधरा दिवस बिचाऱ्या सेन्सरलाच शिव्या घातल्या. मग क्वाटर्नियन, म्हणजे फिरणं चार आकड्यांत मांडायची पद्धत, टाकलं आणि तो प्रकार बंद झाला तो झालाच.

पण पहिला प्रश्न, तीन दिशांना चार आकडे कशाला? ज्याने हे शोधलं तो विल्यम रोवन हॅमिल्टनही तीनवरच अडून बसलेला. पोरं नाश्त्याला विचारायची, बाबा, त्रिकुटांचा (तीन-तीन आकड्यांच्या गटांचा) गुणाकार जमला का? आणि हा रोज मान हलवणार, नाही रे, बेरीज-वजाबाकीच जमते. शेवटी १६ ऑक्टोबर १८४३ ला बायकोबरोबर डब्लिनच्या रॉयल कॅनॉलच्या काठाने रॉयल आयरिश अकॅडमीच्या मीटिंगला जाताना चौथा आकडा सुचला, तर पठ्ठ्याने चाकूने ब्रूम ब्रिजच्या दगडावरच सूत्र कोरलं! ते कोरीवकाम आता पुसलंय, १९५८ पासून तिथे पाटी आहे.

गंमत म्हणजे नोकरीने हा खगोलशास्त्रज्ञ. १८२७ मध्ये कॉलेज संपायच्या आतच डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने प्रोफेसर केलं, मग मरेपर्यंत (१८६५) डनसिंक वेधशाळेत, पण जीव सगळा गणितात. आणि हे वाचून मी उडालोच, पोरगा दहा वर्षांचा असताना बापाने पत्रात त्याच्या भाषांची यादी दिलीय, संस्कृत, फारसी, अरबी वगैरे आणि त्यात चक्क मराठीपण! बापाचं कौतुक किती खरं धरायचं ते तुम्ही ठरवा.

आता त्रास. गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, याची सवय व्हायला महिना गेला. ९० अंश फिरवायचं तर आत अर्ध्या कोनाचा, म्हणजे ४५ चा कोसाइन घालायचा, हे अजूनही विसरतो. काही लायब्ररी (तयार कोड) डब्ल्यू, म्हणजे हा कोसाइनवाला आकडा, आधी घेतात काही शेवटी, त्यात माझा एक अख्खा शनिवार गेला. शिवाय चारही आकड्यांची चिन्हं उलटवली तरी तेच फिरणं, त्यामुळे दोन स्थितींच्या मधली हालचाल काढताना डॉट प्रॉडक्ट (दोघांचे आकडे जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज) निगेटिव्ह आला तर एकाच्या चारही आकड्यांची चिन्हं उलटवा, नाहीतर डबा लांबचा फेरा मारून येतो. आणि मधूनमधून क्वाटर्नियनची लांबी (चारही आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) परत १ करत राहा, राउंडिंगमुळे ती हळूहळू सरकते.

मागे गिब्ज आणि हेविसाइड या शास्त्रज्ञांनी यातूनच व्हेक्टर (लांबी आणि दिशा असलेली राशी) वेगळे काढले आणि मूळ प्रकार बराच काळ अडगळीत गेला, आता बहुतेक थ्रीडी गेममध्ये तोच बसलाय.

ऑयलरवर परत जाणार नाही हे नक्की. सध्या दोन सेन्सरमधला फरक काढतोय, पहिल्याचं उलटं क्वाटर्नियन गुणाकारात डावीकडून लावायचं का उजवीकडून यावर कालपासून अडकलोय.