रेडिएटरला ‘हीट वाढवणारा’ चंदेरी रंग: ४८० पाउंड गेले आणि घर गार पडलं

इकडे इंग्लंडमध्ये जुन्या विटांच्या टेरेस घरात (एका ओळीत चिकटून बांधलेली घरं) जे कोणी राहतात त्यांनी हे नक्की वाचा, आणि भारतातून आईवडील येऊन राहिले असतील तर त्यांना वाचून दाखवा, कारण आमच्याकडे लेस्टरला रेडिएटर (गरम पाण्याने खोली तापवणारे) रंगवणारा एक माणूस आला तेव्हा घरी फक्त सासूबाई आणि बाबा होते.

नोव्हेंबरची सुरुवात, गॅसचं बिल सगळ्यांच्याच डोक्यात. हा गृहस्थ दारात आला, अगदी नीट कपडे, हातात कार्ड, बोलायला गोड. बाबांना म्हणाला तुमच्या रेडिएटरचा रंग पिवळा पडलाय, पाइपांना गंज धरलाय, आमच्याकडे खास चंदेरी कोटिंग आहे, ६०० डिग्रीपर्यंत टिकतं, उष्णता रिफ्लेक्ट होऊन खोलीत फेकली जाते आणि बिल तीस टक्क्यांनी कमी येतं. मग ह्यांच्याशी फोनवर बोलला, तेच सगळं इतक्या खात्रीने सांगितलं की कुणालाही पटावं. एका रेडिएटरचे ६० पाउंड, आठ रेडिएटर, पाइप फुकट. पैसे रोख, पावती नंतर ईमेल करतो म्हणाला, ती अजून यायचीय.

काम कसं केलं ते ऐका. हीटिंग चालू ठेवायला सांगितलं, म्हणे गरम धातूवर रंग लवकर वाळतो. पॉलिश पेपर लावला नाही, गंज खरवडला नाही, प्रायमर नाही, ओल्या फडक्याने पुसलं आणि ब्रश फिरवला. उष्णता कमी-जास्त करायच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हच्या डोक्यावर रंग, हवा काढायच्या छोट्या व्हॉल्व्हवर रंग, नटांवर रंग. दुपारपर्यंत सगळं घर उरकून गेला. रात्री असा वास सुटला की नोव्हेंबरात खिडक्या उघड्या टाकून बसावं लागलं, सासूबाईंचा खोकला थांबेना. म्हातारं माणूस अंगावर दोन शाली घेऊन बसलंय आणि शेजारी रेडिएटर चालू आहे, ते बघून मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

वास काही दिवसांनी गेला पण खोल्या पूर्वीसारख्या गरम होईनात. मग पाइपांवरून पोपडे निघायला लागले. त्यानंतर मागच्या शेडमध्ये त्याने टाकून दिलेला डबा सापडला, त्यावर स्वच्छ लिहिलेलं, बाहेरच्या गेट आणि रेलिंगसाठी ॲल्युमिनियम पेंट. दुकानात वीस-पंचवीस पाउंडाला मिळणारी वस्तू!

आता यातली खरी लबाडी समजून घ्या, कारण तो खऱ्या गोष्टीलाच उलटं करून विकत होता. रेडिएटरच्या मागे, बाहेरच्या भिंतीवर चमकदार फॉइल लावतात, ते खरं आहे, भिंतीत जाणारी उष्णता थोडी परत येते. पण तोच चंदेरी थर रेडिएटरच्या अंगावर दिला की परिणाम बरोबर उलटा होतो. रेडिएटर काही उष्णता हवा तापवून देतो आणि काही इन्फ्रारेड किरणांनी थेट बाहेर टाकतो. साध्या रंगाचा पृष्ठभाग, मग तो पांढरा असो, काळा असो, निळा असो, ही किरणं छान सोडतो, त्याची एमिसिव्हिटी, म्हणजे किरणं सोडायची ताकद, १ पैकी ०.९ च्या आसपास असते. ॲल्युमिनियमची पावडर असलेल्या रंगाची साधारण ०.३ ते ०.५. म्हणजे आपण डब्यात पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळतो तसं त्याने आमचे रेडिएटर गुंडाळून ठेवले. ज्या रेडिएटरमध्ये किरणांचा वाटा मोठा असतो त्याला फटका जास्त बसतो. ज्यात हवेचं काम जास्त, तिथे फरक कमी.

आणि ते ६०० डिग्री! घरच्या रेडिएटरमधलं पाणी साधारण ६० ते ७५ डिग्री असतं, जुना बॉयलर असेल तर ८०. सहाशेवाला रंग लाकडं जाळायच्या शेगडीसाठी असतो, त्याचे जादा पैसे कशाला द्यायचे.

नंतर एका ओळखीच्या चांगल्या पेंटरने सगळं परत केलं. हीटिंग बंद, रेडिएटर पूर्ण गार. हॉलमधल्या जुन्या बिडाच्या रेडिएटरला हात लावण्याआधी त्याने खालच्या थरांची शिशाची टेस्ट केली, कारण इथे साठच्या दशकापर्यंत शिशाचे रंग सर्रास वापरले जायचे आणि कोरडं घासलं की ती धूळ पोरांच्या पोटात जाते. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढला, पेपर मारला, गंजावर झिंक फॉस्फेट प्रायमर, तांब्याच्या पाइपांना घासून धातूचा प्रायमर आणि वर वॉटर बेस्ड रेडिएटर इनॅमलचे दोन पातळ हात. ऑइल बेस्ड पांढरा उष्णतेने पिवळा पडतो म्हणून तो नको म्हणाला, आणि भिंतीचं इमल्शन तर अजिबात नको, त्याचे पोपडे निघतात. व्हॉल्व्हना टेप लावून ठेवला होता. पूर्ण वाळेपर्यंत हीटिंग लावू दिलं नाही. ज्या खोलीत सासूबाई झोपतात ती पहिल्यांदा करून दिली, देव भलं करो त्याचं.

पैशाचं सांगते. दारात येऊन ठरवलेलं ४२ पाउंडांच्या वरचं काम १४ दिवसांत रद्द करता येतं आणि तो हक्क त्याने लेखी सांगायचा असतो, सांगितला नाही तर मुदत आणखी १२ महिन्यांपर्यंत वाढते. हा २०१३ चा नियम आहे. काम नीट झालं नाही तर २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टखाली परत करून मागता येतं किंवा पैसे कमी करून मागता येतात. पण त्यासाठी माणूस सापडायला हवा, आणि आमच्या कार्डावरचा फोन बंद, पत्ता खोटा. क्रेडिट कार्डाने १०० पाउंडांच्या वरचं बिल दिलं असतं तर कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या सेक्शन ७५ खाली कार्ड कंपनीकडे दाद मागता आली असती, म्हणूनच हे लोक रोख मागतात. आम्ही सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ०८०८ २२३ ११३३ या नंबरवर तक्रार दिलीय, ते पुढे ट्रेडिंग स्टँडर्ड्सला, म्हणजे फसव्या व्यापाऱ्यांवर कारवाई करणाऱ्या कौन्सिलच्या खात्याला, कळवतात. डबा, फोटो आणि कार्ड जपून ठेवलंय.

लेस्टर, लफबरो, कॉव्हेंट्री भागात कुणाच्या आईवडिलांकडे असा चंदेरी कोटिंगवाला येऊन गेला असेल तर कृपा करून तुम्हीही त्याच नंबरवर कळवा आणि उरलेला रंग, डबा काही असेल तर फेकू नका, त्याची गाडी पांढरी व्हॅन होती आणि कामाला सोबत एक तरुण पोरगा होता.