अकरा महिने बाळुती: घरची, विकतची आणि पावसाळ्यातली

लेक मार्चअखेरीस झाली. आता फेब्रुवारी संपत आलाय, ती धरून उभी राहते आणि लंगोट बांधायला दोन माणसं लागतात. म्हणजे आमच्याकडे हे प्रकरण मिटत आलं. बाळंतपणाआधी मी कापडी लंगोटांबद्दल खूप शोधलं होतं. मिळाले ते बहुतेक दहा-पंधरा दिवसांच्या वापरावरचे उत्साही अभिप्राय. तेवढ्यात काही कळत नाही. एक पावसाळा काढा, मग बोला.

सुरुवात आजेसासूबाईंच्या नऊवारीपासून झाली. बाळाला पहिलं कापड जुनंच घालायचं, असं त्यांचं म्हणणं. मला ती नुसती रीत वाटली होती. साडी हातात घेतल्यावर कारण कळलं. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती साडीत खळीचा मागमूस नसतो. मी हौसेने आणलेलं नवं मांजरपाट चार धुण्यांनंतरही करकरीत होतं, शिवाय मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर आटलं ते वेगळंच. साडीचे काठ आणि पदर कापून बाजूला काढले, कारण काठाची कड बाळाच्या मांडीत रुतते. बाकीच्यातून साधारण ५५ सेंटिमीटरचे चौकोन कापले. त्रिकोणी घडी घालून बांधायचे. बसून बसून विरलेला भाग सोडला तरी २२ निघाले. खर्च शून्य.

इथे एक चूक झाली. कडा दुमडू नका, शिवण टोचते, असं घरातल्या सगळ्याजणी सांगत होत्या, म्हणून तशाच ठेवल्या. दुसऱ्या महिन्यात आंघोळीच्या वेळी दिसलं, कडेचा सुटलेला दोरा लेकीच्या पायाच्या करंगळीला दोन वेढे घेऊन बसलाय आणि बोट लाल झालंय. लगेच निघाला म्हणून निभावलं. असा दोरा किंवा आपला गळलेला लांब केस आवळला गेला तर बोटाचं रक्त अडतं. त्याच दुपारी आईने पायाच्या मशीनवर बावीसच्या बावीस बाळुत्यांना बारीक दुमड घालून सुती दोऱ्याने शिलाई मारली. पिको करून आणायचा विचार होता, पण नमुन्याचं एक करून पाहिलं तर तो दोरा टणक निघाला. मोजे मात्र आजही उलटे करून, आतले दोरे बघूनच घालते.

विकतचे सहा घेतले, साधारण साडेतीनशेला एक. वरून पाणी न झिरपणारं कापड, आत खिसा, खिशात शोषून घेणारी गादी आणि मापं कमीजास्त करायला पुढे टिचबटणांच्या रांगा. जन्मापासून चालतात असं पाकिटावर लिहिलं होतं. आमच्या पावणेतीन किलोच्या बाळाला तो लंगोट म्हणजे बाबांची हाफपँट. मांडीशी फट राहायची आणि तिथूनच सगळं बाहेर. चौथ्या महिन्यापासून नीट बसायला लागला. बाहेर जायला, डॉक्टरकडे, गाडीत, उत्तम. घरात दिवसभर नको. आतली मायक्रोफायबरची गादी खिशातच घाला, थेट कातडीला लावू नका. ती ओलावा इतका ओढते की त्वचा कोरडी पडते. आम्ही पुढे त्या गाद्यांऐवजी त्याच नऊवारीचं एक बाळुतं घडी घालून खिशात सरकवायला लागलो. लवकर वाळतं आणि वासही कमी येतो.

धुण्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण सगळा कस तिथेच लागतो. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला चौदा-पंधरा बाळुती. शी-दुधाचे डाग आधी गार पाण्यात. गरम पाणी घातलंत तर डाग धाग्यात पक्का होतो. मग साधी पावडर, दोनदा खळबळणं आणि ऊन. अंगावरच्या दुधाच्या बाळाचे ते पिवळे डाग घासून जात नाहीत, पण ओलं बाळुतं कडक उन्हात टाकलं की संध्याकाळपर्यंत फिकट होतात. झबल्यांवर पडलेल्या हळदीचंही तेच. साबण लागल्यावर हळद लाल होते तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले होते. ते साबणातल्या क्षारामुळे होतं आणि तो डागही ऊनच खातं. सासूबाईंचा आग्रह म्हणून सुरुवातीला शेवटच्या पाण्यात जंतुनाशक घालत होते. मांड्या लाल झाल्या. बालरोगतज्ज्ञ म्हणाले बंद करा, केलं, लाली गेली.

दुसरा प्रयोग माझा. बाळुती मऊ राहावीत म्हणून कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव घातलं. महिन्याभरात बाळुती शोषेनाशी झाली, वर पाण्याचे थेंब अळूच्या पानावर राहावेत तसे. त्या द्रवाचा पातळ थर धाग्यावर बसतो, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पावडर न घालता गरम पाण्यात तीन-चार धुणी केली तेव्हा कुठे पूर्ववत झाली.

एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या आमच्या गच्चीवर बाळुती दोन तासांत कडकडीत. मला वाटलं, जग जिंकलं. मग जुलै आला. २२ अधिक सहा, आणि त्यातली निम्मी कायम ओली. बैठकीच्या खोलीत पंख्याखाली दोऱ्या, सगळ्या घराला कुबट वास. सासूबाई कोकणातल्या. त्यांच्याकडे निखाऱ्यांवर टोपली उपडी घालून तिच्यावर बाळुती वाळवत. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते शक्य नव्हतं, म्हणून नवऱ्याने इस्त्री काढली. साडीच्या बाळुत्यांना ती मानवली. त्याच उत्साहात त्याने विकतच्या दोन लंगोटांवरही फिरवली. वरचं कापड फुगलं, आतला थर सुटला, दोन्ही बाद. यात लंगोट बनवणाऱ्याचा काही दोष नाही. इस्त्री करू नये असं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं.

शेवटी जुलै-ऑगस्टमध्ये रात्रीसाठी तयार डायपर आणले. आणले तर आणले. रात्री तीन वाजता कोरडं बाळुतं न मिळालेल्या बाईला पर्यावरणावर कोणी बोलू नये. एकच करा: वापरलेला डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा आणि वेगळा द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंनी कधीपासून एवढंच मागितलंय, कारण नाहीतर तो त्यांना हाताने उघडून बघावा लागतो.

आणि ही सगळी बाळुती धुतली कोणी? पहिले तीन महिने आईने. ती तिच्या घरी परतल्यावर मी आणि नवऱ्याने वार वाटून घेतले. घरात दुसरे हात नसतील तर पूर्ण कापडीचा हट्ट धरू नका. ज्यांच्या घरी सगळं एकट्या बाळंतिणीवर पडतं, त्यांना मी हे सुचवणारही नाही.

कपड्यांचं थोडक्यात. बाळंतविड्यात अकरा झबली आली, सगळी तान्ह्या बाळाच्या मापाची. त्यातली पाच घडीही न मोडता लहान झाली. कोणी विचारलं तर निःसंकोच सांगा, सहा महिन्यांच्या पुढचं आणा. पुढून उघडणारी, बगलेशी बांधायचे बंद असलेली झबली सगळ्यात सोयीची. डोक्यातून घालायचं काहीही पहिले दोन महिने नको. गळ्याशी नाडी असलेली टोपरी मी नाडी काढूनच वापरली. खणाची कुंची बारशाला घातली. सुंदर दिसली. आतून मलमलचं अस्तर नसल्यामुळे दहा मिनिटांत रडून काढायला लावली. बोरन्हाणाचं काळं झबलं मैत्रिणीच्या मुलाचं आणलं आणि धुऊन परत दिलं. एका संध्याकाळीसाठी नवं कशाला?

छोटे झालेले कपडे बोहारणीला दाखवले. तिने साड्या उचलल्या आणि झबल्यांकडे बघितलंही नाही. ती झबली मग जावेच्या भाचीकडे गेली. अगदी विरलेली नऊ बाळुती थर करून आईने धावदोऱ्याने टाचली, कापून ठेवलेले काठ चारही बाजूंनी लावले, आणि आता लेक त्याच दुपट्यावर झोपते. उरली तेरा. बहिणीला जूनमध्ये व्हायचंय, म्हणजे पुन्हा ऐन पावसात, आणि तिला तीस तरी हवीत. आजेसासूबाईंकडे तशीच आणखी एक नऊवारी आहे. मागून पाहिली. ती अजून नेसते, म्हणाल्या.