अमेरिकेला जाताना घेतलेला प्रवास विमा: 5 पैकी साडेतीन तारे

कंपनीचं नाव देत नाही, कारण इथे लिहितेय त्यातलं बरंचसं कुठल्याही कंपनीच्या पॉलिसीत सापडेल. माझी नोकरी पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कवर झाली. "मॅडम, पॉलिसी तर पाच लाखांची आहे, मग आम्ही कशाचे भरायचे?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांना रूम रेंटची मर्यादा दाखवण्यात माझी उमर गेली. त्यामुळे लेकीकडे न्यू जर्सीला जायचं ठरलं तेव्हा विमा मी बघणार हे कुणी वेगळं सांगायची गरजच पडली नाही.

ह्यांचं मत मात्र, विमा हवाच कशाला? अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा विम्याशिवाय मिळतो, हे खरंच आहे. शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय कव्हर दाखवावंच लागतं, म्हणून युरोपला जाणारे टूरवाला देईल तो कागद मुकाट्याने घेतात. अमेरिकेत कुणी विचारत नाही, आणि औषधोपचाराचा खर्च नेमका तिथेच डोळे पांढरे करणारा. आपला इथला मेडिक्लेम बहुतेक वेळा तिकडे चालत नाही. तिथल्या वयस्कर लोकांचं मेडिकेअर पाहुण्यांना मिळत नाही. "मग पैसे नाहीत म्हणून दारातून परत पाठवतात का?" तर नाही. 1986 सालापासून तिथे कायदा आहे की इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला आधी तपासायचं, तब्येत स्थिर करायची, पैशांचं नंतर. "मग झालं तर!" म्हणाले. म्हटलं, अहो, नंतर म्हणजे बिल पोस्टाने घरी येतं आणि ते लेक-जावयाच्या पत्त्यावर येतं. यावर गप्प झाले.

समोर तीन पर्याय होते. सगळ्यात स्वस्त भारतीय पॉलिसीवर मोठ्या अक्षरात 1,00,000 डॉलर. मी सवयीने थेट शेवटचं पान उघडलं. साठीच्या पुढच्यांना सब-लिमिट, म्हणजे एकेका खर्चाला आतली वेगळी मर्यादा: खोलीचे दिवसाला इतके, आयसीयूचे इतके, डॉक्टरच्या भेटीचे इतके, आणि सगळ्या तपासण्या मिळून 1,250 डॉलर. अमेरिकेत इमर्जन्सीत एक सीटी स्कॅन झाला की ही तपासण्यांची मर्यादा त्यातच संपू शकते. वरचे लाख डॉलर मग नुसते बघायला.

दुसरा पर्याय लेकीने सुचवलेला, तिथल्याच कंपनीचा व्हिजिटर प्लॅन. याचा मोठा फायदा असा की तिथली हॉस्पिटलं त्यांच्या नेटवर्कमध्ये असतात आणि बिल परस्पर कंपनीकडे जाऊ शकतं. तिकडे पोचल्यावरही तो घेता येतो. आपल्याकडची पॉलिसी मात्र सहसा विमानात बसण्याआधीच घ्यावी लागते. पण जुन्या आजारांच्या बाबतीत तो फक्त "अचानक उद्भवलेला त्रास" धरतो, आणि अचानक म्हणजे काय याची व्याख्या तीन परिच्छेदांची. शिवाय आमच्या वयाला महाग पडत होता.

तिसरा घेतला. भारतीय कंपनी, 1,00,000 डॉलर, सब-लिमिट नाही, पहिले 100 डॉलर आपले. दोघांचे मिळून 41,000 रुपयांच्या आसपास. स्वस्त पॉलिसीपेक्षा साधारण 13,000 जास्त. ह्यांनी आकडा ऐकून चहाचा कप खाली ठेवला.

फॉर्म भरताना एजंट म्हणाला, "काकू, बीपी-शुगर लिहू नका, उगाच प्रश्न येतात." नोकरीत मी असे न लिहिलेले बीपी-शुगर खूप बघितलेत. क्लेम आला की कंपनी सगळ्यात आधी जुने कागद मागते, आणि भरलेल्या प्रीमियमवर पाणी सोडावं लागतं. मी दोन्ही लिहिलं, गोळ्यांच्या नावांसकट. लिहिलं म्हणून जुना आजार पूर्ण कव्हर होतो असं नाही. आमच्या पॉलिसीत त्याला फक्त जिवावर बेतलं तरच मदत आहे, आणि तीही वेगळ्या मर्यादेत. पण दुसरं काही झालं तर खोटं बोललात म्हणून बोट दाखवायला जागा राहत नाही.

आणि झालं ते दुसरंच. एका रात्री दोनच्या सुमाराला ह्यांच्या कुशीत अशी कळ आली की उठून बसवेना. जावयाने गाडी काढली, लेकीने गाडीतूनच पॉलिसीवरच्या हेल्पलाइनला फोन लावला. फोन उचलला गेला, केस नंबर मिळाला, इथपर्यंत पूर्ण मार्क. पण पेशंट ॲडमिट झाला तरच कॅशलेस, नुसत्या इमर्जन्सीला आधी तुम्ही भरा, मग आम्ही देऊ, असं उत्तर आलं. अर्धा तारा इथे गेला. हॉस्पिटलमध्ये सलाइन, दुखण्याचं इंजेक्शन, सीटी. मुतखडा निघाला, लहानसा. पहाटे सोडताना नर्सने एक प्लास्टिकची गाळणी हातात दिली: रोज यातून लघवी गाळा आणि खडा पडला तर डॉक्टरांना दाखवा. ह्यांनी ती गाळणी लेकीच्या न्हाणीघरात इतक्या निष्ठेने वापरली की नातू तिला हात लावायला घाबरायचा.

जाताना काउंटरवर कुणी एक डॉलर मागितला नाही. मग काही आठवड्यांनी पाकिटं यायला लागली. तिथे हॉस्पिटलचं बिल वेगळं, इमर्जन्सीच्या डॉक्टरचं वेगळं आणि सीटी वाचणाऱ्या रेडिऑलॉजिस्टचं वेगळं, तिन्ही वेगवेगळ्या ऑफिसांतून. नुसतं हॉस्पिटलचं 8,400 डॉलर. लेकीने बिलिंगला फोन करून सांगितलं की पेशंट पाहुणे आहेत, तिथला इन्शुरन्स नाही, रोख भरणार आहोत. तेव्हा बिल बरंच खाली आलं. असं मागता येतं हे तिकडे राहणाऱ्यांनाही कधीकधी माहीत नसतं. सोबत आयटमाइज्ड, म्हणजे एकेक खर्च वेगळा दाखवणारं बिल मागून घ्या. नुसत्या एकूण रकमेचा कागद विमा कंपनी घेत नाही.

क्लेमला पासपोर्ट, बोर्डिंग पास, आय-94 ची (अमेरिकेत शिरल्याच्या सरकारी नोंदीची) प्रिंट, डॉक्टरांचे कागद, पैसे भरल्याची पावती, रद्द केलेला चेक असं सगळं जोडलं. कंपनीने अपेक्षेप्रमाणे विचारलं: मुतखडा आधीपासून होता का? याचीच मी वाट बघत होते. निघण्याआधी आम्ही दोघांनी पुण्यात वार्षिक तपासणी करून घेतली होती आणि ह्यांच्या सोनोग्राफीत स्पष्ट लिहिलं होतं, दोन्ही किडन्या नॉर्मल, खडा नाही. तो रिपोर्ट पाठवला. त्यानंतर कंपनीने तो विषय काढला नाही. पोटाची एक सोनोग्राफी निघण्यापूर्वी करून फाइलला लावा, एवढं मी ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते.

पैसे आले, 100 डॉलर कापून, रुपयांत. पण तेच बोर्डिंग पास आणि तोच चेक दोनदा मागवला, दरवेळी नव्या माणसाने. एक तारा त्यासाठी कापला.

बॅग हरवणं, फ्लाइट उशिरा येणं, पासपोर्ट जाणं यांची कव्हरं पॉलिसीत असतात आणि एजंट ती फार रंगवून सांगतात. त्यासाठी विमा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. बॅगेची जबाबदारी मुळात विमान कंपनीची आहे. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या मॉन्ट्रियल करारानुसार 28 डिसेंबर 2024 पासून तिची कमाल मर्यादा माणशी 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे साधारण 2,000 डॉलर आहे, आणि भारतही त्या करारात आहे. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रारीचा कागद घ्या, झालं. एक कव्हर मात्र मी आवर्जून तपासलं: मृतदेह परत आणण्याचा खर्च. "अशुभ बोलू नकोस," हे म्हणाले. मी तेवढ्यापुरता विषय सोडला, पण रक्कम बघून घेतली.

आता विहीणबाई मे महिन्यात जाणार आहेत. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, बाकी तब्येत ठणठणीत. माझ्या प्लॅनची लिंक पाठवलीय आणि परतीच्या तारखेपुढे आठवडाभराचं कव्हर जास्त घ्यायला सांगितलंय, कारण मुदत वाढवायची तर जुनी संपायच्या आधी अर्ज करावा लागतो. त्यांना स्वस्त पॉलिसीच घ्यायची आहे. सब-लिमिटच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकलाय, निळ्या टिका अजून दिसल्या नाहीत. आणि आमचं तिसरं बिल, रेडिऑलॉजिस्टचं 312 डॉलर, क्लेम बंद झाल्यावर लेकीच्या पत्त्यावर आलं. ते वेगळं पाठवलंय, बघू.